क्रिएटिनीन ४.८ आलंय. किडनी आत्ता बिघडली की आधीपासूनच बिघडत होती?

कृष्णाकाठ

रिपोर्ट मामांचे आहेत. वय ५८, वजन ६८ किलो. मधुमेह १० वर्षांपासून, बीपी ६ वर्षांपासून. चालू औषधं: मेटफॉर्मिन, आणि टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली बीपीची गोळी. चार दिवस जुलाब-उलट्या झाल्या, त्यात अंग दुखतं म्हणून अ‍ॅसिक्लोफिनॅक दिवसाला दोन गोळ्या. लघवी कमी झाल्यावर तपासण्या केल्या आणि कालपासून दाखल केलंय.

क्रिएटिनीन ४.८, युरिया २०६, पोटॅशियम ५.९, सोडियम १३१, हिमोग्लोबिन १०.८. लघवीत प्रोटीन २+. सोनोग्राफीत उजवी किडनी १०.१ सेमी, डावी ९.८ सेमी, इकोजेनिसिटी (सोनोग्राफीत किडनी किती उजळ दिसते ते) थोडी वाढलेली, सीएमडी मेंटेन्ड, कुठे सूज किंवा अडथळा नाही. लॅबने खाली ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा क्रिएटिनीनवरून काढलेला अंदाज) १३ आणि 'किडनी फेल्युअर, स्टेज ५' असं छापलंय.

तीन प्रश्न. हे अचानक झालेलं की जुनं, हे नेमकं कशावरून ठरवतात? किडन्या १० सेमीच्या म्हणजे चांगल्या आहेत असं धरायचं का? आणि घरात सगळे म्हणतात की एकदा डायलिसिस लागलं की जन्माचं लागलं, ते खरं का?

नेफ्रॉन

आधी त्या 'स्टेज ५' वर मनातल्या मनात काट मारा. ते यंत्राने छापलेलं वाक्य आहे, निदान नाही.

क्रिएटिनीन स्नायूंतून रोज जवळपास सारख्याच प्रमाणात रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. मोरी तुंबली तरी पाणी लगेच उंबऱ्यापर्यंत येत नाही, नळ चालू असतो म्हणून हळूहळू चढतं. तसंच इथे. दोन्ही किडन्या आज सकाळी पूर्ण बंद पडल्या तरी संध्याकाळचं क्रिएटिनीन फारसं हललेलं नसेल. पुढे ते रोज साधारण १ ते १.५ ने चढेल. ईजीएफआरचं सूत्र मात्र पाण्याची पातळी स्थिर आहे असं धरून चालतं. आकडा चढत असताना ते किडनीचं काम आहे त्यापेक्षा बरं दाखवतं, आणि आकडा उतरत असताना आहे त्यापेक्षा वाईट. म्हणून अचानक बिघाडात ईजीएफआरकडे बघायचंच नाही.

शिवाय स्टेज १ ते ५ ही मोजपट्टी दीर्घकालीन आजाराची आहे. ती लावायला बिघाड ३ महिन्यांहून जास्त टिकल्याचा पुरावा लागतो. अचानक बिघाडाची व्याख्या वेगळी आहे: ४८ तासांत क्रिएटिनीन ०.३ ने वाढणं, किंवा ७ दिवसांत मूळच्या दीडपट होणं, किंवा सलग ६ तास लघवी दर किलो वजनामागे तासाला अर्ध्या मिलीपेक्षा कमी होणं. मामांचं वजन ६८, म्हणजे तासाला ३४ मिली, ६ तासांत साधारण २०० मिली. त्याहून कमी असेल तर क्रिएटिनीन चढायच्या आधीच घंटा वाजलेली असते. वॉर्डात लघवीचं माप नीट लिहिलं जातंय का ते बघा, बरेचदा हाच तक्ता सगळ्यात रिकामा असतो.

या केसमध्ये अचानक बिघाडाची बाजू भक्कम दिसते. किडनीच्या गाळणीत एक बारीक रक्तवाहिनी रक्त आणते, दुसरी बाहेर नेते. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, बीपी उतरलं, की आणणारी वाहिनी सैल होते आणि नेणारी आवळते, म्हणजे गाळणीतला दाब टिकून राहतो. वेदनाशामक गोळी पहिली वाहिनी सैल होऊ देत नाही. टेल्मिसार्टन दुसरी आवळू देत नाही. त्याच गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीची गोळी, उरलंसुरलं पाणीही बाहेर काढते. तिन्ही औषधं एरवी निमूट असतात, जुलाबात एकत्र आली की किडनीचा बचावच काढून घेतात.

युरिया बघा: २०६ ला ४.८ ने भागलं की ४३ येतात. परदेशी संकेतस्थळांवर २० च्या वर गेलं तर पाण्याची कमतरता असं वाचाल, पण तिथे युरियातला फक्त नायट्रोजन मोजतात. आपल्याकडच्या बहुतेक लॅब पूर्ण युरिया देतात, तो २.१४ पट असतो, म्हणून आपली रेषा साधारण ४० ची. ४३ म्हणजे रक्तपुरवठा कमी पडल्याच्या बाजूचा कौल. पोटात रक्तस्राव किंवा स्टेरॉइड चालू असेल तरीही युरिया असाच वाढतो, तेवढं विचारून घ्या. अ‍ॅसिक्लोफिनॅक घेतलंय म्हणून शौच काळं होतंय का, हे खास विचारा.

पण 'अचानक' ठरलं म्हणून 'जुनं नाही' असं सिद्ध होत नाही. १० वर्षांचा मधुमेह आहे. जुन्यावर नवं ही जोडी वॉर्डात फार नेहमीची आहे. त्याचा निकाल एकाच गोष्टीने पटकन लागतो, जुनं क्रिएटिनीन. घरातली फाइल उपसा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या, विम्याची मेडिकल, मधुमेहाच्या शिबिरातला कागद, कंपनीची वार्षिक तपासणी, काहीही चालेल. दोन वर्षांपूर्वीचा एक कागद आजच्या दहा तपासण्यांपेक्षा जास्त सांगेल.

काचपट्टी

लॅबच्या बाजूने थोडं, कारण इथे वेळ चुकली की तपासणी वाया जाते.

लघवीचा नमुना फ्युरोसेमाइडचं (लघवी वाढवणारं) इंजेक्शन आणि भरपूर सलाईन देण्याआधी घेतलेला हवा. नसेल तर रिपोर्टवर तसं लिहून ठेवा. लघवीतलं सोडियम आणि क्रिएटिनीन मागवायला सांगा. हिशेब असा: लघवीतलं सोडियम गुणिले रक्तातलं क्रिएटिनीन, याला रक्तातलं सोडियम गुणिले लघवीतलं क्रिएटिनीन याने भागायचं आणि १०० ने गुणायचं. समजा लघवीतलं सोडियम १४ आणि क्रिएटिनीन ११० आलं, तर १४ × ४.८ = ६७.२, १३१ × ११० = १४४१०, उत्तर ०.४७ टक्के. १ च्या खाली म्हणजे किडनीच्या नळ्या अजून शाबूत आहेत आणि मिळेल तेवढं मीठ-पाणी धरून ठेवतायत. २ च्या वर म्हणजे नळ्यांना इजा झालेली असण्याची शक्यता जास्त.

मामांच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, त्यामुळे लघवीत सोडियम जास्त पडतं आणि हा हिशेब बिघडू शकतो. अशा वेळी सोडियमच्या जागी युरिया टाकून हाच हिशेब करतात आणि रेषा ३५ टक्क्यांची धरतात.

दुसरं, लघवी सूक्ष्मदर्शकाखाली. यंत्रातून निघालेला रिपोर्ट पुरेसा नाही. ताजी लघवी तासा-दोन तासांच्या आत फिरवून गाळ बघायला हवा. मातकट तपकिरी दाणेदार साचे (नळ्यांत घट्ट होऊन त्यांच्याच आकारात निघालेले तुकडे) दिसले तर नळ्यांच्या पेशी मरून गळतायत. लाल पेशींचे साचे दिसले तर गाळण्यांनाच सूज आहे, तो वेगळा आणि घाईचा आजार, त्यात बायोप्सीपर्यंत जावं लागतं. गाळात काहीच नसणं हेही उत्तर असतं, ते बहुधा पाण्याच्या कमतरतेच्या बाजूने जातं.

पट्टीवरच्या प्रोटीन २+ वर आत्ता विसंबू नका. घट्ट लघवी, ताप, अंगावरचा आजार, सगळ्यात ते दिसतं. लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीनचाच एक प्रकार) आणि क्रिएटिनीन यांचं गुणोत्तर बरं झाल्यावर करा.

पोटॅशियम ५.९ आलंय ते कसं काढलं हेही विचारा. पट्टा बराच वेळ घट्ट बांधून मूठ उघड-मीट करायला लावली किंवा नळीत लाल पेशी फुटल्या, तर आकडा खोटा चढतो. पण दुसऱ्या नमुन्याची वाट बघत बसायचं नाही, ईसीजी आधी काढायचा. आणि रोजचं क्रिएटिनीन एकाच लॅबमध्ये करा. जुन्या जाफे पद्धतीत कीटोन किंवा काविळीमुळे आकडा इकडे-तिकडे होतो, एन्झाइम पद्धतीत तो त्रास बराच कमी. एक दिवस या लॅबचा आणि दुसऱ्या दिवशी त्या लॅबचा आकडा घेऊन ०.३ चा फरक शोधणं व्यर्थ आहे.

नेफ्रॉन

काचपट्टींना दुजोरा. सोनोग्राफीचं राहिलं होतं.

मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेमी असते. ८ सेमीच्या दोन आक्रसलेल्या किडन्या, पातळ झालेलं बाहेरचं आवरण आणि 'सीएमडी लॉस्ट', म्हणजे आतल्या-बाहेरच्या थरांतली सीमारेषा पुसलेली, असं आलं तर आजार जुना आहे हे जवळपास नक्की. उलट मात्र खरं नाही. मधुमेहातली किडनी शेवटपर्यंत चांगली १०-११ सेमीची राहू शकते. मायलोमा, अमायलॉइड, पॉलिसिस्टिक या आजारांतही आकार कमी होत नाही, पॉलिसिस्टिकमध्ये तर वाढतो. त्यामुळे १०.१ सेमीवरून मामांच्या बाबतीत काहीच ठरत नाही. 'ग्रेड वन एमआरडी' (मेडिकल रीनल डिसीज, म्हणजे किडनीच्या पेशीजालाचा आजार, पहिली पायरी) असा शेरा असेल तर त्यानेही घाबरू नका, थोडी वाढलेली इकोजेनिसिटी अचानक बिघाडातही येते.

सोनोग्राफीचा खरा उपयोग तिसऱ्या शक्यतेसाठी: पुढे अडथळा आहे का. प्रोस्टेट, दोन्हीकडचे खडे, एकच किडनी असलेल्याचा एक खडा, बायकांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर. अशा वेळी लघवीची नळी किंवा स्टेंट घातला की आकडा खाली येतो, औषधांनी येत नाही. इथे सूज नाही, म्हणजे हा कप्पा बहुतेक बंद.

मग जुनं की नवं हे सांगणाऱ्या इतर खुणा: डोळ्यांचा पडदा तपासा. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल तर किडनीवरही परिणाम झालेला असण्याची शक्यता बरीच वाढते. पॅराथायरॉइड हार्मोन खूप चढलेलं असेल तर ते महिन्यांचं काम असतं. वर्षभर रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, लघवीला टिकणारा फेस, हेही जुन्याकडे बोट दाखवतं. हिमोग्लोबिन १०.८ वरून काही ठरवू नका. आपल्याकडे रक्तक्षयाला कारणं कमी नाहीत, आणि पाणी कमी असताना ते खऱ्यापेक्षा जास्तच दिसतं. सलाईननंतर १०.२ झालं तर रक्त कुठे गेलं म्हणून घाबरू नका.

चार तास

डायलिसिसच्या प्रश्नाला उत्तर: नाही, खरं नाही. हा समज कुठून आला तेही सांगतो. दीर्घकालीन आजारात माणूस डायलिसिसवर येतो तेव्हा किडनी आधीच संपलेली असते, म्हणून ते थांबत नाही. लोक म्हणतात यंत्राला लावलं म्हणून किडनी गेली. क्रम उलटा आहे. अचानक बिघाडात यंत्र फक्त मधला काळ काढून देतं, आणि नळ्यांना इजा झाली असली तरी त्या बहुधा १ ते ३ आठवड्यांत परत कामाला लागतात. काहींना त्याहून जास्त वेळ लागतो, काहींच्या बाबतीत पूर्ण भरून येत नाही.

क्रिएटिनीनच्या आकड्यावरून डायलिसिस सुरू करत नाहीत. औषधांना दाद न देणारं पोटॅशियम, रक्तातली न उतरणारी आम्लता, फुप्फुसात साचलेलं पाणी, युरियामुळे गुंगी, झटके किंवा हृदयाच्या आवरणाला सूज, ही कारणं. ६ क्रिएटिनीनचा माणूस दिवसाला दीड लिटर लघवी करत असेल तर थांबता येतं. ३.५ चा माणूस श्वास लागून बसलेला असेल तर थांबता येत नाही.

लागलंच तर मानेतल्या शिरेत तात्पुरती नळी घालतात. खांद्याजवळच्या, हंसळीखालच्या शिरेत शक्यतो घालू देऊ नका. ती शीर पुढे आकसते आणि त्या बाजूचा हात कायमच्या फिस्टुलाला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडून केलेली वाट) निकामी होतो. तसंच मामा उजव्या हाताने काम करत असतील तर डाव्या हाताच्या कोपर ते मनगट भागात सुई टोचू देऊ नका, रक्त आणि सलाईन दोन्ही पंजाच्या मागच्या बाजूला. आत्ता हे अतिरेकी वाटेल, पण किडनी पूर्ण भरून आली नाही तर या शिरांची किंमत कळते. फिस्टुला पिकायला किमान ६ ते ८ आठवडे लागतात, नवीन शिरा कुणी आणून देत नाही.

आणखी एक, यंत्रावर पाणी भराभर काढून बीपी पाडलं तर सावरणारी किडनी परत मार खाते. म्हणून अचानक बिघाडात पाणी काढताना हात आखडता ठेवतात. प्रत्येक वेळी सुरुवातीला काढलेलं क्रिएटिनीन कमी येत गेलं आणि लघवी वाढली की अंतर वाढवून बंद करतात. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, दाखल करतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि ओळखपत्र द्या.

पाणंद

पावसाळा असेल तर एक बाजू तपासून घ्या. कोकणपट्टी आणि मुंबईत, पुरानंतर खास करून, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) हे अचानक बिघाडाचं मोठं कारण आहे. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथच आली होती. पोटऱ्या दाबल्या तरी दुखणं, डोळे लाल, कावीळ, प्लेटलेट कमी. गंमत म्हणजे लेप्टोत लघवी बऱ्याचदा चांगली होते आणि पोटॅशियम चढण्याऐवजी उतरलेलं असतं. मामांचं ५.९ आहे, पण टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवतं, म्हणून एवढ्यावरून लेप्टो खोडू नका. मलेरिया आणि डेंग्यूही बघा.

घोणस किंवा फुरसं चावल्यावरही हेच होतं, तिथे २ मिली ताजं रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत न हलवता २० मिनिटं ठेवून गोठतं का ते बघतात. गावाकडचे कमरखाचा रस किंवा रोहू माशाचं पित्त 'साखरेवर औषध' म्हणून देतात, दोन्हींनी किडनी बसते. घरी कुणी काही काढा-भस्म दिलंय का, हे मामींना बाजूला घेऊन विचारा. डॉक्टरांपुढे कुणी सांगत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. १४ महिन्यांपूर्वीचा कागद सापडला, क्रिएटिनीन १.४. लेप्टो, मलेरिया, डेंग्यू निगेटिव्ह. ईसीजी ठीक. बीपीची गोळी, वेदनाशामक, मेटफॉर्मिन बंद केलं, सलाईन दिलं. क्रिएटिनीन ४.८ वरून ४.१, आज २.९. पोटॅशियम ४.८, लघवी काल १८०० मिली. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाची सुरुवात आहे. परवा सोडतील म्हणतायत. शेजारचे रोज शहाळं आणि चार-पाच लिटर पाणी द्यायला सांगतायत. बीपीची गोळी कायमची बंद का?

नेफ्रॉन

१.४ चे ४.८ म्हणजे ३.४ पट. अचानक बिघाडाच्या तीन पायऱ्यांपैकी हा तिसऱ्या पायरीचा झटका होता, डायलिसिसशिवाय उतरला तरी. १४ महिन्यांपूर्वीचं १.४ स्थिर होतं असं धरलं तर ५८ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर ५८ च्या आसपास येतो, ६० च्या किंचित खाली. एकच आकडा आहे, तेव्हाचं लघवीतलं अल्ब्युमिन नाही, म्हणून दीर्घकालीन आजाराचा शिक्का आत्ता मारता येणार नाही. डोळे बघता संशय मात्र रास्त आहे.

घरी गेल्यावर क्रिएटिनीन आणि पोटॅशियम एका आठवड्याने, मग महिन्याने, आणि ३ महिन्यांनी अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तरासकट. ३ महिन्यांनी ईजीएफआर ६० च्या खालीच राहिला, किंवा गुणोत्तर ३० च्या वर आलं आणि पुन्हा करूनही वरच राहिलं, तर जुना आजार आहे असं म्हणायचं. लोक इथेच चुकतात, दीड महिन्यात माणूस हिंडायला लागतो आणि ती तिसरी तपासणी राहून जाते.

टेल्मिसार्टन कायमचं सोडू नका. अल्ब्युमिन जात असेल तर किडनी वाचवणारी गोळी तीच आहे. क्रिएटिनीन स्थिरावलं आणि बीपी चढायला लागलं की डॉक्टर ती एकटी सुरू करतील, लघवीच्या गोळीशिवाय. सुरू केल्यावर १ ते २ आठवड्यांनी तपासा, क्रिएटिनीन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली अजिबात नाही, ३० ते ४५ मध्ये निम्म्या डोसपर्यंत. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू केलं असेल तर साखर उतरण्यावर लक्ष ठेवा, किडनी मंदावली की ते आणि इन्सुलिन दोन्ही अंगात जास्त वेळ राहतात.

डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब, सगळी एकाच पंगतीतली. दुखण्याला पॅरासिटॅमॉल ५०० किंवा ६५०, पण पाकिटावर दुसरं नाव जोडलेलं नाही ना ते वाचून. पुन्हा जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवसापासून टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी असेल तर तीही थांबवायची, नीट खाणंपिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की परत चालू. हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

पाणी तहानेपुरतं. चार-पाच लिटरने किडनी धुतली जात नाही, सोडियम मात्र पातळ होतं, आणि त्यांचं आधीच १३१ होतं. शहाळं सध्या नको. एका शहाळ्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम जातं. 'लो सोडियम' मीठही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. सैंधव हे शेवटी मीठच, त्याला वेगळी सूट नाही.

चार तास

त्यात भर एवढीच: रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन. दोन दिवसांत २ किलो वाढलं तर ते पाणी आहे, पायावर सूज दिसायची वाट बघू नका. फाइलच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा, तारीख, क्रिएटिनीन, पोटॅशियम, वजन, आणि पहिल्या ओळीत तो १४ महिन्यांपूर्वीचा १.४ लिहा.